स्पितीत ६०० एमएम पुरत नाही, मग काय न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फेब्रुवारीत दहा दिवस हिमाचलातल्या स्पितीला जायचंय. ताडोबा-पेंचमध्ये बरीच फोटोग्राफी झाली आहे. जवळ २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, २४-१०५ आणि १५०-६०० एमएमच्या लेन्स आहेत. हिमबिबट्या आणि लँडस्केप दोन्ही करायचंय. त्यासाठी ६०० एमएम एफ ४ ही जास्त उजेड घेणारी महागडी लेन्स भाड्याने घ्यावी का, दिवस कसे वाटावेत, थंडीत कॅमेरा कसा सांभाळावा आणि ड्रोन न्यावा का?

आधी भाड्याच्या लेन्सचं सांगतो. घेऊ नका.

हिशोब कागदावर करून बघा. फुल फ्रेमवर ६०० एमएम लावली की ५०० मीटरवरची साधारण ३० मीटर रुंद जागा फ्रेममध्ये येते. हिमबिबट्याचं अंग, शेपूट सोडून, एक-सव्वा मीटर. तुमच्या सेन्सरची रुंदी ६,००० पिक्सेल. त्यातले जनावराच्या वाट्याला आले सुमारे २४०. वर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट करणारी जोडकाच) चढवला तर ३३०-३४०, आणि त्यासाठी एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड गेला. हेच ६०० एमएम ताडोब्यात रस्त्याच्या कडेला तीस मीटरवर बसलेल्या वाघावर लावलं तर वाघ फ्रेममध्ये मावत नाही. स्पितीतल्या किब्बर गावच्या दरीपलीकडे ५०० मीटर हे काही खास लांबचं अंतर नाही; पुष्कळदा त्याहून जास्तच असतं. एफ ४ आणि एफ ६.३ मध्ये जनावराचा आकार तेवढाच राहणार. महागड्या लेन्सची जी खरी कमाई, म्हणजे काटेकोर शार्पनेस, ती तिथली हवा मध्येच खाऊन टाकते.

या हवेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्यांदा जाणारे सगळे परत येऊन लेन्सलाच शिव्या घालतात. हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचा बर्फ लवकर वितळतो आणि तपकिरी खडक उघडा पडतो. सकाळी दहानंतर तो खडक तापतो. वरची हवा मात्र शून्याखालीच असते. तापलेल्या खडकावरून हवेचे थर थरथरत वर चढतात आणि पाच-सातशे मीटरच्या अंतरात ती थरथर साठत जाते. व्ह्यूफाइंडरमध्ये शंभर टक्के झूम केलंत तर बिबट्याच्या पाठीची कड पाण्याखालून पाहिल्यासारखी हलताना दिसेल. यावर लेन्स, स्टॅबिलायझेशन, शटर स्पीड यांपैकी कशाचाही इलाज चालत नाही. इलाज दोनच. एक म्हणजे वेळ: ऊन उतारावर पोचण्याआधीचा तास, ऊन गेल्यानंतरचा अर्धा तास, किंवा ढगाळ दिवस. दुसरा म्हणजे संख्या: वीस-तीस फ्रेमचा बर्स्ट मारायचा, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचा. थरथर सारखी नसते, मध्येच एखादा क्षण हवा स्थिर होते आणि त्या एका फ्रेममध्ये मिशा दिसतात. बाकीच्या पुसून टाका.

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. गरम खोलीतून किंवा हीटर लावलेल्या गाडीतून लेन्स काढून लगेच फोटो काढलेत तर लेन्सच्या आतली आणि हूडमधली उबदार हवाच थरथर निर्माण करते. लेन्स बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. अर्धा तास तरी हवा. गाडीच्या खिडकीतून, आत हीटर चालू ठेवून काढलेले कोल्ह्याचे फोटो मऊ येतात ते यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ‘हिमबिबट्या आणि लँडस्केप दोन्ही’ असं लिहिलंय. स्पितीत हे दोन विषय नाहीत, एकच आहे, आणि हे मनात आधीच पक्कं केलं तर तुमची १५०-६०० पुरून उरेल. जनावर फ्रेममध्ये लहानच येणार आहे. मग त्याला लहान ठेवूनच फ्रेम बांधायची. मागचा कडा, त्यावरची रेघ, सावलीची कड, मधली मोकळी जागा या सगळ्याचा विचार लँडस्केपवाला करतो तसा करायचा आणि बिबट्या तिथे कुठे बसतोय ते पाहायचं. २४० पिक्सेलचा बिबट्या क्रॉप करून पोर्ट्रेट केलात तर तो चिखल दिसतो. तोच बिबट्या ३०० एमएमवर अख्ख्या कड्यासकट घेतलात तर दोन फूट रुंद प्रिंटमध्ये लोक जवळ येऊन त्याला शोधतात. माझ्या मते इथले बरेचसे ‘फसलेले’ फोटो जास्त झूम केल्यामुळे फसतात.

स्पितीचा खडक या कामाला फार चांगला आहे. हा सगळा टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाचा गाळ आहे, थरांवर थर. लांगझा गावाजवळच्या शेल खडकात अमोनाइट या शंखवाल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म मिळतात ते म्हणूनच. (ते विकत घेऊ नका, उचलूही नका.) हिमालय वर येताना हे थर दुमडले गेले. उघड्या उन्हाळ्यात सगळं एकसारखं तपकिरी दिसतं. पण हलका बर्फ पडून गेला की तो फक्त थरांच्या पायऱ्यांवर टिकतो, उभ्या भागावरून घसरतो. आणि अचानक अख्ख्या डोंगरावर पांढऱ्या पेन्सिलीने रेघा मारल्यासारखी घडी दिसायला लागते. असा दिवस मिळाला तर वाइड लेन्स पिशवीत ठेवा. २०० ते ४०० एमएममध्ये नुसत्या त्या रेघा घ्या, आकाश न घेता. भरलांचा (डोंगरातल्या जंगली मेंढ्यांचा) कळप त्या पायऱ्यांवरून ओळीने जाताना सापडला तर ट्रिप वसूल. जोरदार बर्फवृष्टीनंतर मात्र सगळंच झाकलं जातं आणि हा खेळ दोन-तीन दिवस बंद.

एक्स्पोजर. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं, त्यामुळे बर्फ भरपूर असेल तर फोटो अंधारा येतो. एक ते पावणेदोन स्टॉप वर जावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच. अडचण अशी की बिबट्या बर्फावरून खडकावर आणि खडकावरून बर्फावर जातो आणि कॉम्पेन्सेशनची (एक्स्पोजर वर-खाली करायची) डायल फिरवत बसलात तर दोन्ही हातचं जातं. उजेड तोच आहे, फक्त पार्श्वभूमी बदलतेय. म्हणून मॅन्युअल मोड. उन्हातल्या बर्फावर स्पॉट मीटर करून दीड-पावणेदोन स्टॉप वर सेट करा, एक फोटो काढून हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उजवा काठ बघा आणि ढग येईपर्यंत हात लावू नका. स्वच्छ दुपारी आयएसओ ४००, एफ ६.३, शटर १/३२०० इथून सुरुवात करता येते. सावलीतल्या दरीत शटर तीन-चार स्टॉप सावकाश करावं लागेल, तेव्हा उन्हाचं आणि सावलीचं अशी दोन सेटिंग्ज आधीच काढून कॅमेऱ्याच्या कस्टम बटणांवर ठेवा. रॉ काढा. सावलीतला बर्फ निळा येतो. त्यातला सगळा निळा काढून टाकू नका, तो तिथे खरोखर असतो.

ऑटोफोकसच्या बाबतीत जनावर ओळखणाऱ्या मोडवर विसंबू नका. एवढं लहान, खडकाच्या रंगाचं जनावर त्याला सापडत नाही आणि तो मागच्या बर्फाच्या कडेवर जाऊन बसतो. सगळ्यात लहान एक पॉइंट, फोकस कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर, आणि बिबट्याच्या पायाखालच्या खडकावर फोकस. पाचशे मीटरवर डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये येणारी खोली, पुरेशी असते.

पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, जपून. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के, धूळ-बाष्प नगण्य, आकाश आधीच गडद. त्यात पूर्ण फिरवलेला पोलरायझर म्हणजे आकाश जवळपास काळं, आणि वाइडवर त्यात मधेच एक गडद पट्टा. मी तो आता नेतच नाही.

सूर्यास्तानंतर सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही पूर्वेला वळा. क्षितिजावर राखाडी-निळा पट्टा चढताना दिसेल, ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा. एवढ्या स्वच्छ हवेत हे इतकं ठळक दिसतं की एडिटिंग केलंय असा आरोप होतो. ‘की’ नावाच्या मठाच्या वरून, किब्बरकडे चढणाऱ्या रस्त्यावरून खाली मठ आणि त्यामागे स्पिती नदीचं गोठलेलं, फाटे फुटलेलं पात्र दिसतं. ही वेळ त्या जागेसाठी राखून ठेवा. आकाशगंगेचा मध्यभाग फेब्रुवारीत पहाटेच्या आधी जेमतेम वर येतो. उणे वीसमध्ये त्यासाठी उठायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. संध्याकाळी मृग नक्षत्र डोक्यावर असतं आणि जेवणाआधी उरकतं.

आता बिबट्या सापडायचा कसा. २०२३ पर्यंत चाललेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये, हिमाचलमध्ये ५१. तरीही लोक किब्बरला जातात, कारण गावाला लागूनच दरी आहे, भरल आणि आयबेक्स (जंगली बकरे) भरपूर आहेत आणि दरीच्या काठावर उभं राहून समोरच्या कड्यावरचं जनावर डोळ्यांच्या पातळीत दिसतं. जानेवारी ते मार्चमध्यापर्यंत हिमबिबट्यांचा मिलनकाळ. या दिवसांत ते जास्त फिरतात, हाका देतात, पुढे आलेल्या खडकांवर वास सोडतात. तुम्ही निवडलेला महिना बरोबर आहे.

शोधण्याचं काम स्थानिक स्पॉटर करतो, आणि लेन्सच्या भाड्याचे पैसे मी त्याच्यावर घालीन. त्याच्याकडे स्पॉटिंग स्कोप असतो आणि तो डोंगराच्या त्याच बाजूकडे लहानपणापासून बघत आलेला असतो. पण त्याच्या शेजारी नुसते चहा पीत बसू नका, तो काय बघतो ते बघा. तो बिबट्या शोधत नसतोच. तो भरल बघत असतो. चरणारा कळप विस्कटलेला असतो, माना खाली, तोंडं दहा दिशांना. धोका जाणवला की आधी एखादी मादी मान वर करते आणि तशीच थिजते. मग दुसरी. अर्ध्या मिनिटात अख्खा कळप एकत्र आलेला असतो आणि सगळ्यांचे कान एकाच बिंदूकडे. तीक्ष्ण शिट्टीसारखा आवाज येतो. आता दुर्बीण कळपावरून काढून त्यांच्या नजरेच्या रेषेवर न्यायची. नवखा माणूस इथेही कळपाचेच फोटो काढत राहतो.

दुसरी खूण शिकारीची. कावळे आणि चफ (कावळ्याच्या कुळातले डोंगरी पक्षी) एका ठिकाणी घिरट्या घालतायत, गिधाडं येऊन वरच्या खडकांवर बसलीयत, पण खाली कोणी उतरत नाही. याचा अर्थ बिबट्या अजून शिकारीपाशी आहे. मोठं भरल मारलं असेल तर तो तीन-चार दिवसही तिथे राहतो, मध्ये जवळच्या सावलीत झोपतो. तुमच्या दृष्टीने हीच सोन्याची संधी आणि नेमकी इथेच सगळी घाण होते. बातमी पसरते, काझ्याहून, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाहून, गाड्या येतात, कोणीतरी ‘अजून पन्नास मीटर’ म्हणून उतारावरून खाली सरकतो, दगड गडगडतो, बिबट्या शिकार सोडून जातो. हिवाळ्यात एक शिकार सोडणं त्याला फार महागात पडतं. दरीत उतरायचं नाही. ताडोब्यात जिप्सीवाल्याला मागेपुढे करायला सांगायची सवय असते, ती घरी ठेवून या. फोटोसोबत नेमकी जागाही टाकू नका. गावाचं नाव पुरे.

गावकऱ्यांबद्दल एक लक्षात ठेवा. तो बिबट्या त्यांची मेंढरं आणि वासरं मारतो. किब्बरच्या लोकांनी नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनबरोबर काम करून काही कुरणं भरलांसाठी चराईमुक्त ठेवली, जनावरांचा विमा चालवला, म्हणून आज आपण तिथे ट्रायपॉड लावतोय. होमस्टेमध्ये राहा, स्पॉटर गावातलाच घ्या. माणसांचे फोटो विचारून. ताब्याच्या मठात, जो इ.स. ९९६ मधला आहे, आतल्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. ‘फ्लॅश नाही वापरत’ म्हणून हुज्जत घालणारे आपलेच लोक पाहिलेत.

जवळून फोटो हवेच असतील तर ते आहेत, फक्त बिबट्याचे नाहीत. लाल कोल्हा गावाच्या कडेला येतो, किब्बर ते चिचम रस्त्यावर आयबेक्स बऱ्याचदा पन्नास मीटरच्या आत असतात, आणि दरीच्या काठावर दाढीवालं गिधाड, म्हणजे लॅमरगायर, वाऱ्यावर स्वार होऊन थेट समोरून जातं. तुमची १५०-६०० इथे खऱ्या अर्थाने कामाला येईल. कोल्ह्याला बिस्किटं टाकून बोलावणारे भेटतील. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवा.

थंडी. किब्बरला रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो. बॅटऱ्या थंडीत मान टाकतात पण मरत नाहीत. आतल्या खिशात अंगाशी ठेवलेली बॅटरी पुन्हा चालते. चार असाव्यात, दोन नेहमी अंगावर. वीज जाते, म्हणून असेल तेव्हा सगळं चार्जिंगला.

खरा धोका आत येताना असतो. बाहेर उणे पंधरा, आत बुखारी (लाकडाची शेगडी) पेटलेली, खोली अधिक वीस. गार कॅमेरा तसाच आत आणलात तर काचेवर, माउंटवर आणि नशीब वाईट असेल तर आतल्या सर्किटवर दव धरतं, आणि सकाळी बाहेर नेल्यावर त्याचाच बर्फ होतो. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढा, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा दाबून काढा, पिशवी बॅगेत, आणि बॅग होमस्टेच्या बिनतापलेल्या खोलीत किंवा जिन्यापाशी रात्रभर राहू द्या. कार्ड आणि बॅटऱ्या तेवढ्या आत. ट्रायपॉडही बाहेरच. पायांच्या जोडांत गेलेला बर्फ आत वितळून पाणी होतो आणि सकाळी बाहेर पुन्हा गोठला की पाय उघडतच नाहीत. लेन्सवर बर्फाचे कण पडले तर तोंडाने फुंकू नका, वाफ गोठून थर बसतो. ब्लोअर वापरा.

हातांसाठी आत पातळ मोजे, वर मिटन. जाड एकच मोजा घातला की डायल फिरवायला तो काढावाच लागतो, आणि उघड्या बोटांनी धातूचा ट्रायपॉड धरला की कळतं. बूट एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलतील. तुम्ही तासन्‌तास एका जागी उभे राहणार आहात. चालणाऱ्या ट्रेकरपेक्षा तुम्हाला जास्त थंडी वाजते.

दिवसांचं. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते. अटल बोगद्याने लाहौलपर्यंत जाता येतं, पण त्यापुढे स्पितीत शिरता येत नाही. रस्ता एकच: शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. तो लांब आहे ते बरंच आहे. लेहला विमानाने उतरलात तर एका तासात थेट साडेतीन हजार मीटरवर. इथे उंची हळूहळू चढते. रामपूरला एक मुक्काम, कल्पा किंवा पिओला दुसरा, ताब्याला तिसरा, काझ्याला दोन, मग सुमारे ४,२०० मीटरवरचं किब्बर. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का ते निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. डोकं दुखणं नेहमीचं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, तोल जायला लागला तर फोटो-बिटो विसरून त्याच दिवशी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

ड्रोन नको. किब्बर अभयारण्य आहे, सीमा फार लांब नाही, आणि भरलांचा कळप ड्रोनच्या आवाजाने कड्यावरून पळतो. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजरही नेऊ नका. भारतात तो गुन्हा आहे आणि ‘सुरक्षेसाठी आणला’ हे कोणी ऐकून घेत नाही.

थोडक्यात, दहा दिवसांत हे बसत नाही. जायला पाच-सहा आणि यायला दोन-तीन गेले तर किब्बरला दोनच उरतात. चौदा करा, किब्बरला सलग पाच-सहा रात्री मिळाल्या तर बिबट्या दिसण्याची आशा धरायला हरकत नाही. ती सुट्टी मिळत नसेल तर बिबट्याचा नाद सोडून ताबो, ‘की’ आणि लांगझाचं लँडस्केप करा, तेही कमी नाही. आणि नाकोजवळ मलिंग नाल्यात दरड किंवा हिमलोट येऊन रस्ता एक-दोन दिवस बंद पडणं हे हिवाळ्यात धरूनच चालायचं असतं. चंदीगडहून परतीचं विमान काढत असाल तर काझा सोडल्यापासून तिसऱ्या दिवशीचं नको, पाचव्या दिवशीचं काढा.